वाकडी करंगळी

एका स्टुडिओच्या प्रत्येक सिनेमाआधी पडद्यावर कंदील धरलेला हात यायचा, आधी काचेवर काढलेला काळापांढरा, मग रंगीत, मग सोनेरी. करंगळी मात्र दरवेळी वाकडीच राहिली. आता कॉम्प्युटरवर नवा लोगो काढणाऱ्या मुलीनं ती सरळ केली. पहिला हात रंगवणाऱ्या पेंटरआजोबांना दाखवायला ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. "आजोबा, तुमची चूक सुधारली हं!" आजोबा गालातल्या गालात हसले. "चूक कसली? समोर होता तसाच काढला." तेवढ्यात आजी चहा घेऊन आल्या. कपाभोवतीची करंगळी तश्शीच वाकडी! मुलीनं जीभ चावली. "बरं केलंस," आजी फणकारल्या. "पन्नास वर्षं ह्यांनी माझं वाकडं बोट जगभर मिरवलं!" मुलगी लॅपटॉपवर करंगळी पुन्हा वाकवू लागली. आजींनी हात पुढे केला. "नीट बघून काढ. ह्यांनी जरा जास्तच वाकडी काढली होती."