अंबाड्यातला आकडा

सर्कशीची जुनी गाडी मिरजेच्या भंगारवाल्याकडे उभी होती आणि दिनकर तिच्याभोवती हरखून फिरत होता. निवृत्तीनंतर अशी गाडी दुरुस्त करून बायकोसोबत मुलूखभर हिंडायचं, हे त्याचं वेड. "नलू, तू लहानपणी राहायचीस ती हीच का? हीच असेल तर आत्ता घेतो."

नलूने गाडी लांबूनच ओळखली होती. पोरी पळून जाऊ नयेत म्हणून सर्कशीचा मालक रात्री दाराला बाहेरून कडी घालायचा. नवऱ्याला मात्र तिने फक्त झोपाळ्यावरच्या गमती सांगितल्या होत्या.

"ही नव्हे हो," ती म्हणाली. "आमची मोठी होती."

"आत जाऊन बघ तरी."

ती आत चढली. वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. "थांब, उघडतो," म्हणत दिनकर गंजलेल्या कडीशी झटू लागला. तोवर नलूच्या हाताने अंबाड्यातला आकडा काढून दाराच्या फटीत सरकवला होता. कडी अलगद उचलली गेली.

आकडा हातात धरून ती दारात उभी राहिली.

"हीच की गं," दिनकर हसला आणि भंगारवाल्याकडे वळला. "घेतली."