गच्चीवरचा संसार

भोंगा वाजला तशी पंचफुलाने सासूला पाठीवर घेतलं आणि ती गच्चीचा जिना चढू लागली. वीज केंद्राची चिमणी आता धूर ओकत नव्हती. धुरातला विषारी वायू आता गावाखालच्या रिकाम्या खाणीत कोंडत. कधी तो फटींतून वर येई आणि जड असल्यामुळे अंगणात साचून राही. मागच्या खेपेला शेळ्या त्यातच गुदमरून मेल्या होत्या.

"मला खालीच राहू दे गं. किती वेळा उचलशील?" सासू म्हणाली.

पंचफुलाने तिला वर नेऊन गच्चीवर टेकवलं. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर ती खाली गेली आणि शेगडी, अंथरुणं घेऊन वर आली.

"हे कशाला?"

"आता उतरायचंच नाही, आत्याबाई," असं म्हणून ती कठड्याला टेकली आणि बसल्या बसल्याच झोपी गेली.