तिमोशाचा वाटा

निकाल लागला त्या दुपारी इनोकेन्ती लोबानोव गावाला, आईकडे गेला. कालपर्यंत सगळा प्रांत त्याच्या हातात होता. गव्हर्नर येतात, गव्हर्नर जातात, हे त्यालाही कळत होतं. पण त्याला पाडलं होतं तिमोफेइ झुएवनं. आणि झुएवला उभं त्यानंच केलं होतं! निवडणूक खरी दिसावी म्हणून समोर कुणीतरी हवं होतं. कुणाच्या खिजगणतीत नसलेला गुरांचा डॉक्टर त्यानंच शोधून आणला होता. डमी.

आई भट्टीतून पिरोजक्या, कोबीचं सारण भरलेले छोटे पाव, काढत होती.

"आलास केशा? हात धू."

तो टेबलाशी बसला. "आई, आपल्या गावानंसुद्धा मला मत दिलं नाही."

"नाही दिलं."

"अगं, हा रस्ता कुणी केला?"

"तूच केलास. छान झालाय. तो त्याच रस्त्यानं आला, सायकलवर."

"झुएव? इथे?"

"शेळी अडली होती आपली. दिवसभर तिच्यापाशी बसून राहिला. मग हातपाय धुऊन जेवला. तू बसलायस ना, तिथेच."

इनोकेन्ती नकळत जरा सरकून बसला.

"प्रचाराला आला असेल लेकाचा."

"कसला प्रचार! मीच विचारलं, बाबा, निवडणुकीचं काय? तर म्हणाला, मावशी, मी पडायलाच उभा आहे." आईला आताही हसू फुटलं. तिनं हातातलं फडकंच तोंडाला लावलं. ती अशी हसलेली त्यानं कधी पाहिली होती, त्याला आठवेना.

"तू कुणाला दिलंस मत?"

"तिमोशाला."

"तिमोशा! इथवर आलं का प्रकरण?"

"मग काय, झुएवसाहेब म्हणू? पोराला आई नाही रे."

"आणि मला आहे, म्हणून मला मत नाही?"

तिनं चहा ओतला, पिरोजक्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. तो म्हणाला, भूक नाही. तिनं आग्रह केला नाही. हे त्याला जास्तच लागलं.

निघताना तिनं धुतलेल्या फडक्यात पिरोजक्या बांधल्या आणि गाडीपर्यंत आली. इनोकेन्तीचा चेहरा जरासा निवळला.

"एवढ्या कशाला गं?"

"तुला नाहीत. उद्या खुर्ची सोपवायला जाशील ना, तेव्हा तिमोशाला दे. त्याला फार आवडल्या होत्या. म्हणावं, मावशीनं दिल्यात."

त्यानं मान डोलावली. गाडी सुटली. पुरचुंडी मांडीवर होती, पँटमधून चटका बसत होता. कोबीचा, लोण्याचा वास सगळ्या गाडीत भरला.

गावचं शेवटचं घर मागे पडलं तशी त्यानं गाठ सोडली. एक पिरोजकी आख्खी तोंडात कोंबली. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. पहिली गिळायच्या आत त्याचा हात दुसरीकडे गेला.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "काय घमघमाट सुटलाय, साहेब! आईनं दिल्या वाटतं?"

"हो," इनोकेन्ती भरल्या तोंडानं म्हणाला. "माझ्या आईनं."