उत्तरावरचं झाकण

"अण्णा दिस बुडायच्या आत येतील न्हवं रं?" ताट वाढून घेता घेता पद्मावतीबाईंनी मुलाला विचारलं.

अभिनंदन समोरच लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही. उत्तर दिलं ते फ्रिजवरच्या स्पीकरनं, अभिनंदनच्याच आवाजात. "येतायत, आई. तू जेवून घे."

म्हातारी जेवायला बसली. उचगावातलं हे जैनाचं घर. दिवस मावळल्यावर इथं कुणी घास तोंडात घेत नाही, त्यामुळं जेवणाआधी नवऱ्याची वाट बघायची तिला चाळीस वर्षांची सवय. पण अण्णांना, म्हणजे धनपालना, जाऊन पाच महिने झाले होते.

ते गेले त्या सकाळी अभिनंदन दवाखान्यातनं एकटाच पुढं आला होता, आईला सांगायला. दारातच तिनं विचारलं, "अण्णा कवा येणार?" आणि या बहाद्दराची जीभ अशी टाळ्याला चिकटली, की "येतायत" एवढंच तोंडातनं निघालं. अर्ध्या तासानं अण्णा आलेही, रुग्णवाहिकेतनं. पुढं लाकडं, पाहुणे, फोन, दाखला, सगळं त्यानं एकट्यानं निभावलं. डोळ्यांत टिपूस नाही. आई भिंतीला टेकून गप्प. "लई घट्ट काळजाची मायलेकरं," लोक म्हणाले. लोकांचं काय जातंय बोलायला!

महिन्याभरानं आईनं जेवणाआधी पुन्हा तेच विचारलं. मग विचारतच राहिली. म्हातारी विसरायला लागली, असं त्यानं धरलं. खरं सांगायला जावं, तर तोंडातनं पुन्हा "येतायत"च निघायचं. गडी कोल्हापुरातल्या एका कंपनीत प्रोग्रामर. आपल्याला जमेना ते यंत्राकडनं करून घ्यायची खोडच असते या लोकांना. त्यानं स्पीकरसाठी आपल्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम लिहिला. आई विचारेल त्याचं उत्तर द्यायचं: आज वार कुठला, बीपीची गोळी कधी घ्यायची. त्या उत्तरांत त्यानं एक उत्तर खरं खरं लिहून टाकलं होतं. अण्णा गेले. ते खोडायला हात धजेना, आणि आईला ऐकवायलाही धजेना. शेवटी त्यानं त्यावर डेकोरेटर चढवला.

"डेकोरेटर म्हणजे मांडववाला?" त्याच्या बायकोनं, आदितीनं, तेव्हा विचारलं होतं.

"न्हाय गं. आतल्या कोडला हात न लावता वरनं एक झाकण चढवायचं. कोडच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, बास. मग कुठलाही प्रश्न आला की आधी झाकणाकडं जातो. अण्णांचा असला, तर झाकण परस्पर 'येतायत' म्हणून सांगतं. बाकीचे आत सोडतं. आतलं खरं होतं तसंच राहतं की."

"आणि हे सगळं आईंसाठी?"

"मग काय माझ्यासाठी?" तो असा खेकसला, की बिचारी पुन्हा त्या विषयाला गेली नाही.

पुढं डॉक्टरांनी विचारलं, आई किती वेळा विसरतात? अभिनंदननं त्याच कोडवर आणखी एक डेकोरेटर चढवला. हा कुणाला अडवत नव्हता. कुठला प्रश्न कुठल्या दिवशी आला, एवढंच टिपून ठेवायचा.

आज बुधवार, त्याचा घरनं काम करायचा दिवस. आई जेवत होती. त्यानं डॉक्टरांना पाठवायला महिन्याभराची नोंद उघडली. बुधवारी अण्णांचा प्रश्न होता. शनिवारी होता, रविवारी तर तीनदा. सोमवारी गोळीचं विचारलं होतं, पावसाचं विचारलं होतं. अण्णांचं नाही. मंगळवारीही नाही, गुरुवारी, शुक्रवारीही नाही. त्यानं मागचा आठवडा बघितला, त्याच्या मागचा बघितला. सगळीकडं तेच. ज्या दिवशी तो ऑफिसला जायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचा, त्या दिवशी आई अण्णांचं नावही काढत नव्हती. निमूट जेवून घेत होती.

त्यानं उठून स्पीकरची वायर उपटली आणि तो आईसमोर जमिनीवर बसला.

"आई, मी घरात नसताना तू अण्णांचं विचारत न्हाईस."

पद्मावतीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"कुणाला इचारू? आदितीला ठावं हाय. गावाला ठावं हाय. मला तर त्या दिवशी तू दारात आलास तवाच कळलं, तुझं तोंड बघून."

"मग मलाच का विचारतीस? जीव घेतीस व्हय माझा?" त्याचा आवाज फाटला.

तिनं डावा हात त्याच्या गालावरनं फिरवला.

"तुझ्या तोंडनं एकदा म्हण लेका, अण्णा गेले म्हणून. मोकळा हो. पाच महिनं झालं, मीबी रडल्याली न्हाय. तुझ्याआधी कशी रडू?"