दोन मिनिटांचा फरक

सुकेशनीने मीटरच्या पिना बॅटरीला टेकवल्या, आकडा पाहिला आणि मान हलवली.

“काकू, हे गेली आता. आतला एक सेल मेला. कितीबी चार्ज करा, धरत नाही. नवी टाका लागते.”

अंगुरीबाई बॉनेटपाशी उभ्या होत्या. मंगरूळपीरच्या बाजारात त्यांच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ही पांढरी गाडी तीन वर्षं उभी होती. मुलगा जिनेश तापाने गेला, त्या आठवड्यापासून तिचं चाक हललं नव्हतं. बस स्टँडजवळ बॅटरीचं दुकान चालवणारी सुकेशनी दर महिन्याला चार्जर घेऊन यायची, दुपारभर बॅटरी चार्जिंगला लावायची आणि जायची. उभ्या गाडीची मायनसची वायर काढून ठेवली की बॅटरी उतरत नाही, असं तिने पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. अंगुरीबाईंनी वायरीला हात लावू दिला नव्हता.

“नवी टाकाले जुनी काढा लागन ना?”

“हो.”

“मंग नोको.”

“काहून पण, काकू?”

अंगुरीबाईंनी दार उघडून चावी जराशी फिरवली. डॅशबोर्डवर घड्याळाचे हिरवे आकडे उजळले. त्यांनी आपला मोबाइल शेजारी धरला.

“जिनेशनं हे नऊ मिनिटं पुढं लावलं होतं. त्याले कुठीच उशीर झालेला चालत नव्हता.”

सुकेशनीने दोन्ही आकडे पाहिले. “हे तं अकरा मिनिटं पुढं आहे.”

“हो.” अंगुरीबाईंचा आवाज खाली गेला. “मागच्या दिवाळीपर्यंत नऊच होते. माह्यं रोजचं पाहणं आहे. भाऊबीजेले आली तं अकरा. शेडले कुलूप, गाडीले कुलूप. तो येऊन गेला, सुकेशनी. हे मी कोनाले सांगतलं नाही. जिनेशच्या बाबाले बी नाही.”

सुकेशनी हसली नाही. ती म्हणाली, “बॅटरी काढली का घड्याळ बारावर जाते, हे खरं. पण मी मोबाइलवर पाहून अकरा मिनिटं पुढं लावून देईन.”

“मंग ते तू लावलेलं असन.”

सुकेशनी परत बॉनेटपाशी गेली. तिने जुन्या बॅटरीकडे पाहिलं, स्कूटीवर बांधून आणलेल्या नव्या बॅटरीकडे पाहिलं. नवी खाली ठेवून वायरींनी जोडली, तर जुनी काढली तरी घड्याळाला नवीवरून करंट मिळत राहील. फक्त आत बसून घड्याळावर नजर ठेवायला एक माणूस हवा, असं तिने सांगितलं.

“माह्यानं नाही पाहवणार,” अंगुरीबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याला, भागचंदांना, दुकानातून बोलावून घेतलं, गाडीत बसवलं आणि स्वतः शेडबाहेर जाऊन, पाठ करून, नवकार मंत्र म्हणत उभ्या राहिल्या.

सुकेशनीने वायरींचे चिमटे नव्या बॅटरीला लावले. नट सैल केले. जुनी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली, आणि तिचं कोपर वायरीला लागलं. चिमटा निसटला. आत हिरवे आकडे विझले.

तिने बॅटरी खाली टाकली आणि चिमटा परत लावला. आकडे उजळले. बारा वाजून शून्य मिनिटं. लुकलुकत होते. बाहेर नवकार चालूच होता.

भागचंद पुढे वाकले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि डॅशबोर्डवरची बारीक बटणं दाबायला सुरुवात केली. बटणं शोधावी लागली नाहीत. बोटांना ती माहीत होती.

सुकेशनी दाराशी आली. “काकाजी, दिवाळीत तुमी...?”

“हळू बोल.” भागचंदांनी बाहेर पाहिलं. “तवा तू माहेरी गेली होती. बॅटरी पार बसली होती, घड्याळ बंद. दुसरी चावी माह्यापाशी आहे. दुकानाच्या पिकअपवरून करंट देल्ला अन् अंदाजानं लावलं. तिनं बंद घड्याळ पाह्यलं असतं तं...” त्यांनी एक बटण दाबलं. “किती पुढं होतं, मी कधी नीट पाह्यलंच नव्हतं. एक खेप फक्त रागावलो होतो त्याच्यावर, कायले घड्याळाशी खेळतो म्हणून.”

“नऊ,” सुकेशनी म्हणाली. “त्यानं नऊ ठेवले होते, तुमच्यानं अकरा झाले. काकूनं आत्ताच सांगतलं.”

भागचंदांचं बोट बटणावर थांबलं. “नऊ,” ते स्वतःशी म्हणाले. मग एकेक मिनिट मोजत त्यांनी नऊ केले.

नवी बॅटरी बसली. नट आवळले गेले. सुकेशनीने हाक मारली तेव्हा अंगुरीबाई आत आल्या आणि दारातून वाकल्या. घड्याळ पाहिलं, मोबाइल पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. त्यांचे ओठ हलायचे थांबले.

“नऊ झाले.”

“अंगुरी, ते...” भागचंदांनी सुरुवात केली.

“होतं तसं करून गेला तो.” त्यांनी पदराने काचेवरची धूळ पुसली. रडल्या नाहीत. “आता नाही येनार. गाडी देऊन टाका कोनाले. चांगल्या मानसाले द्या.”

चावी तशीच ठेवून त्या शेडमागच्या घरात गेल्या. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सुकेशनीने वायरी गुंडाळल्या. जुनी बॅटरी स्कूटीवर बांधली. भागचंद अजून गाडीतच होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर. घरातून भांड्यांचे आवाज येऊ लागले होते. ती निरोप घ्यायला दाराशी आली, तेव्हा आकड्यांवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं,

“सुकेशनी, परत अकरा करू का?”