उतारावर अण्णा

टेकडीच्या उतारावर अण्णांची चाकाची खुर्ची एकाएकी थांबली. सूर्यावर वादळ उठल्याने तिचा उपग्रहांशी संपर्क तुटला होता. ऊन चढलं होतं, पाणी संपलं होतं आणि घर उताराच्या तळाशी होतं.

"चारुता, हातानेच ने आता," अण्णा म्हणाले.

चारुताने वडिलांची खुर्ची कधी ढकललीच नव्हती. तिच्या पिढीत कुणीच ढकलली नव्हती. खुर्च्या आपल्या आपण चालत. तिने मागच्या मुठी धरून ब्रेक सोडला, तशी खुर्ची तिला ओढतच खाली धावली. अण्णा पुढे झुकले. तिने कसाबसा ब्रेक दाबला.

"अशी नाही गं. आधी माझा पट्टा बांध. मग खुर्ची फिरव. माझं तोंड चढाकडे, तू खालच्या बाजूला. मागे बघत हळूहळू उतर. तुझ्या आजीला मी असंच न्यायचो."

खुर्ची वळली आणि अण्णांचा सगळा भार चारुताच्या तळहातांवर आला. पायाने रस्ता चाचपत ती एकेक पाऊल मागे टाकू लागली. खड्यावर चाक अडखळलं की ती मुठी आणखी घट्ट धरायची. अण्णांचा चेहरा तिला दिसत नव्हता.

"अण्णा, बोला ना काहीतरी."

तिने पुन्हा हाक मारली.

सपाटीवर येताच तिने ब्रेक लावला आणि धावत पुढे आली. अण्णांचे डोळे पाण्याने भरले होते.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही गं. तुझ्या हातांची थरथर पाठीला कळत होती," ते म्हणाले. "या खुर्चीला माझी काळजी कधी वाटलीच नव्हती."