तपकिरीचा वास

"सांगून कुणाला पटायचं नाही," तपकिरीची चिमूट नाकाशी नेत अप्पा म्हणाले, "पण आमच्या वैजूच्या उष्टावणाला समोर पुस्तक ठेवलं, सोन्याची साखळी ठेवली, मूठभर माती ठेवली. ही पठ्ठी सगळं ओलांडून रांगत आली ती थेट माझ्या मांडीवर."

वैजूच्या बाळाच्या उष्टावणाला जमलेली मंडळी हसली. तिचा नवरा म्हणाला, "त्या वयाचं कुणाला आठवत नाही म्हणतात, अप्पा. मेंदू तेवढा तयारच झालेला नसतो."

"मला आठवतं," वैजू म्हणाली.

अप्पांची मांडी, तो तपकिरीचा वास, सगळं तिला आठवत होतं. त्याच आठवणीच्या बळावर ती जन्मभर अप्पांची बाजू घेऊन आईशी भांडली होती. अप्पा वर्ष-वर्ष जहाजावरून घरी फिरकायचे नाहीत, आणि आई कुरकुरली की वैजूच तिला सुनवायची, "तूच त्यांना इथं टिकू देत नाहीस."

"बघा, साक्षीदारच निघाली," अप्पा खुशीत आले. "आणि मांडीवर बसून म्हणाली काय, तर अप्पा. सातव्या महिन्यात."

आईने खिरीची वाटी खाली ठेवली. अप्पांकडे न बघता ती म्हणाली, "अहो, तुम्ही होतात कुठे? ती चालायला लागल्यावर तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत. वासाने तरी बाप ओळखावा, म्हणून तुमचा न धुतलेला सदरा मी पाटावर ठेवला होता. त्याच्यावर जाऊन बसली ती."